बिटकॉइनचा हातोहात व्यापार

नाण्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा टांकसाळीपासून आरंभ करितात. ठसा कोणत्या राजाचा, धातूचा कस किती, वजन किती मासे, एवढें कळलें कीं नाणें कळलें असें त्यांस वाटतें. ज्या नाण्याविषयीं आम्ही आज चार शब्द लिहिणार आहों त्यास टांकसाळ नाहीं, ठसा नाहीं, धातूही नाहीं. जगभर पसरलेल्या संगणकांवर एक सामाईक खतावणी चालते, तींतील तें केवळ एक नोंद आहे. अशी नोंद दुसऱ्याच्या नांवें करून त्याच्या हातची रोकड घ्यावयाची, आणि तीही बँक, पेढी अथवा दलाल यांस मध्यें न घेतां, असा एक व्यापार गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जन्मास आला, फोफावला आणि बऱ्याच ठिकाणीं मोडलाही. बिटकॉइनचें नांव निघालें कीं लोक त्याच्या भावाच्या चढउताराच्या गोष्टी सांगूं लागतात. त्यांत आम्हांस फारशी गोडी नाहीं. दोन अनोळखी माणसांनीं समोरासमोर बसून हा सौदा कोणत्या भरंवशावर केला, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

३१ ऑक्टोबर २००८ रोजीं 'सातोशी नाकामोतो' असें नांव धारण करणाऱ्या कोणा एकानें एक नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला. कोणत्याही पेढीच्या मध्यस्थीवांचून एका माणसानें दुसऱ्यास परस्पर पैसा पाठवावा, अशी युक्ति त्यांत मांडली होती. ३ जानेवारी २००९ रोजीं त्या खतावणीचा पहिला खंड लिहिला गेला. नाणें निघालें खरें, पण त्यास भाव कोणी देईना. पुढें ऑक्टोबर २००९ मध्यें 'न्यू लिबर्टी स्टँडर्ड' या टोपणनांवाच्या गृहस्थानें पहिला दर जाहीर केला. एका डॉलरास १,३०९.०३ बिटकॉइन! हा दोन-दोन दशांशांपर्यंत जाण्याचा थाट पाहून हंसूं येतें खरें. परंतु त्यामागें हिशेब होता. नाणीं निर्माण करण्यास संगणकानें जी वीज खाल्ली तिच्या खर्चावरून हा दर बसविला होता. कुंभारानें भट्टीच्या लांकडांवरून मडक्याची किंमत ठरवावी तसाच हा प्रकार. त्याच महिन्याच्या १२ तारखेस फिनलंडमधील मार्टी माल्मी यानें ५,०५० बिटकॉइन ५ डॉलर २ सेंटांस विकलीं. पैशाच्या मोबदल्यांत हें नाणें विकल्याचा सर्वांत जुना ज्ञात सौदा तो हाच.

या सौद्यांतील एक बारकावा मात्र ध्यानांत धरण्याजोगा आहे. नाणीं परस्पर गेलीं, पण ते पांच डॉलर 'पेपल' या कंपनीच्या खात्यांतून आले. म्हणजे ज्या नाण्याचा जन्मच मध्यस्थ टाळण्यासाठीं झाला, त्याच्या पहिल्याच विक्रींत एक मध्यस्थ येऊन बसला! ही गोष्ट अपघातानें घडली नाहीं. सौद्यास दोन पाय असतात. बिटकॉइनचा पाय मोकळा होता. रुपये, डॉलर यांचा पाय बँकेच्या दावणीस बांधलेला होता. ही दावण सोडावयाची तर दुसऱ्या बाजूसही हातांत धरतां येईल अशी रोकडच हवी. या व्यापाराचा पुढील सर्व इतिहास या एका अडचणीभोंवतीं फिरतो.

अडचण दुसरीही होती. बिटकॉइन एकदां पाठविलें कीं परत मागतां येत नाहीं. पेपलचे अथवा कार्डाचे पैसे मात्र तक्रार करून परत ओढतां येतात. लबाडांच्या हें लवकरच ध्यानांत आलें. नाणें पदरांत पाडून घ्यावयाचें, मग कंपनीकडे कागाळी करून पैसेही माघारी न्यावयाचे, हा धंदा सुरू झाला. विकणारे शहाणे झाले व नोटांची मागणी करूं लागले. पण अनोळखी माणसांपैकीं आधीं हात पुढें कोणीं करावा? २०१० मध्यें 'बिटकॉइन-ओटीसी' नांवाचा एक गप्पांचा अड्डा निघाला. तेथें प्रत्येक जण गूढलिपीच्या किल्लीनें आपली ओळख पटवी, आणि सौदा झाल्यावर दोघेही एकमेकांस उणें दहापासून अधिक दहापर्यंत गुण देत. ज्यास चार विश्वासू माणसांनीं चांगले गुण दिले त्याच्याशीं पांचवा माणूस व्यवहार करी. आमच्या सावकारींत शहाजोग हुंडी असे. तिचे पैसे बाजारांत पत असलेल्या 'शहा'च्याच हातीं द्यावयाचे अशी अट असे. पतीची पारख करण्याचें काम तेथें बाजारच करी. या अड्ड्यावरच्या तरुणांनीं शहाजोग हें नांवही ऐकलें नसेल. गरज सारखी पडली, म्हणून युक्तीही सारखी सुचली, एवढेंच.

एकीकडे मोठे बाजारही उघडले होते. टोकियोंतील 'माउंट गॉक्स' हा त्यांतील अग्रगण्य. जुलै २०१० मध्यें सुरू झालेला तो बाजार फेब्रुवारी २०१४ मध्यें दिवाळ्यांत निघाला, तेव्हां सुमारें साडेआठ लाख बिटकॉइनचा पत्ता लागेना. पैकीं दोन लाख पुढें सांपडलीं. मध्यस्थ नको म्हणून जें नाणें घडविलें तें लोकांनीं आपण होऊन मध्यस्थाच्या तिजोरींत ठेवलें व त्याचें फळ भोगलें. याहून अधिक लिहावें असें त्या प्रकरणांत कांहीं नाहीं.

हातोहात व्यापाराला खरें रूप आलें तें जून २०१२ मध्यें. फिनलंडमधील हेलसिंकी येथें जेरेमियास कांगास यानें 'लोकल-बिटकॉइन्स' ही कंपनी काढली. आपल्या गांवांत नाणें विकणारा कोण आहे, काय भावानें विकतो, कोठें भेटूं शकतो, याची यादी तेथें मिळे. भेट ठरली कीं विकणाऱ्याचीं नाणीं कंपनीच्या कबज्यांत अमानत म्हणून अडकून पडत. मग दोघे एखाद्या उपाहारगृहांत अथवा वाचनालयांत भेटत. घेणारा नोटा काढी, विकणारा त्या मोजी, संशय आल्यास उजेडाकडे धरून पाही. समाधान झाल्यावर आपल्या दूरध्वनियंत्रावर एक कळ दाबून अमानत मोकळी करी. ही अमानत नव्हती तेव्हां दोघांस ताटकळत बसावें लागे. खतावणीचा नवा खंड सरासरीनें दहा मिनिटांनीं लिहिला जातो, आणि सावध माणूस असे सहा खंड होईपर्यंत सौदा पक्का मानीत नाहीं. दोन परक्या माणसांनीं टेबलावर नोटांचें पुडकें ठेवून तासभर काय बोलावें? अमानतीनें ती पंचाईत दूर केली. अर्थात् येथें पुन्हां मध्यस्थ आलाच. पण त्यानें नोटांस हात लावला नाहीं.

भाव मोठ्या बाजारापेक्षां चढा असे. विकणारा नोटा बाळगण्याची जोखीम घेई, लुटारूंचें भय सोशी, आणि त्याचा मोबदला भावांत धरी. आमच्याकडे १८३५ च्या नाण्याच्या कायद्यानें कंपनी सरकारचा रुपया एकसारखा होण्यापूर्वी, निरनिराळ्या टांकसाळींचे नाना रुपये बाजारांत फिरत, आणि एक देऊन दुसरा घेतांना सराफ बट्टा कापून घेत असे. सराफाला शिव्या सर्वांनीं दिल्या, पण त्याच्यावांचून कोणाचें चाललें नाहीं. उपाहारगृहांतला हा विक्रेता त्याच सराफाचा वंशज म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच कीं त्याच्यापाशीं कसोटीचा दगड नव्हता व दुकानाला फळीही नव्हती.

२०१३ मध्यें न्यू यॉर्कच्या युनियन चौकांत असे विक्रेते व गिऱ्हाइकें उघड्यावर जमूं लागलीं. त्या मेळ्यास त्यांनीं 'बटनवुड'चें नांव दिलें. १७ मे १७९२ रोजीं चोवीस दलालांनीं ज्या झाडाच्या नांवानें ओळखला जाणारा करार करून त्या शहराच्या शेअरबाजाराचा पाया घातला, तें हें झाड. नव्या धंद्यास जुन्या कुळाचें गोत्र लावण्याची हौस सर्व देशांत सारखीच! पण बटनवुडचे दलाल आपसांत कमिशन ठरवून बाहेरच्यांस वगळण्यासाठीं एकत्र आले होते. चौकांतल्या या तरुणांस नेमकें त्याच्या उलट हवें होतें.

सरकारची नजर यावर पडणें अपरिहार्य होतें. १८ मार्च २०१३ रोजीं अमेरिकेच्या कोषागाराखालील 'फिनसेन' या खात्यानें, असा विनिमय करणें हा धंदा असेल तर तो पैसे पाठविणाऱ्या पेढीचाच धंदा समजला जाईल, असा खुलासा काढला. फेब्रुवारी २०१४ मध्यें फ्लोरिडांत साध्या वेषांतील पोलिसांनीं गिऱ्हाईक बनून दोन विक्रेत्यांस पकडलें. चोरलेले कार्डांचे आंकडे विकत घेण्यासाठीं आपणांस हीं नाणीं हवीं आहेत, असें त्या बनावट गिऱ्हाइकानें सांगितलेंही होतें. जुलै २०१६ मध्यें एका न्यायाधीशबाईंनीं बिटकॉइन हा पैसाच नव्हे असें ठरवून त्यांतील एका आरोपीस मोकळें केलें. जानेवारी २०१९ मध्यें वरच्या न्यायालयानें तो निर्णय फिरविला. एप्रिल २०१९ मध्यें फिनसेननें कॅलिफोर्नियांतील एका एकट्या विक्रेत्यावर सुमारें ३५,००० डॉलरांचा दंड बसविला. त्याचेही बरेच सौदे कॉफीच्या दुकानांत झालेले होते. सरकारचें म्हणणें अगदींच टाकाऊ होतें असें आम्हांस वाटत नाहीं. ऑक्टोबर २०१३ मध्यें अमली पदार्थांचा 'सिल्क रोड' हा चोरबाजार बंद पडला, तेथें हेंच नाणें चालत होतें. नोटा कोठून आल्या हें न विचारणारा विक्रेता चोराचा भागीदार ठरण्यास वेळ लागत नाहीं. परंतु एकट्या माणसाला पेढीचे सर्व नियम लावले कीं तो पेढी होत नाहीं, तो धंदा सोडतो. आणि मग गिऱ्हाइकास पेढीशिवाय दुसरी वाट उरत नाहीं. पेढ्यांनींच ज्यास दारांतून परतविलें त्यानें काय करावें, हा प्रश्न त्या खुलाशांत कोठें आढळत नाहीं.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. व्हेनेझुएलांत चलन इतकें कोसळलें कीं ऑगस्ट २०१८ मध्यें त्यावरचीं पांच शून्यें पुसावीं लागलीं. तेथील लोक हेलसिंकीच्या यादींतून बोलिव्हार देत व बिटकॉइन घेत. आणि परदेशीं गेलेला मुलगा बिटकॉइन पाठवी, तें मोडून घरीं धान्य येई. नायजेरियांत ५ फेब्रुवारी २०२१ रोजीं मध्यवर्ती बँकेनें अशा व्यापाऱ्यांचीं खातीं बंद करण्याचा हुकूम सर्व बँकांस दिला. व्यापार थांबला नाहीं. तो बाजारांतून उठून माणसामाणसांत गेला. डिसेंबर २०२३ मध्यें तो हुकूम मागें घेतला गेला. पण लागलीच, फेब्रुवारी २०२४ मध्यें, नायरा घसरल्याचें खापर या परस्पर सौद्यांच्या भावांवर फोडून सरकारनें 'बायनान्स' कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांस अटकेंत टाकलें, आणि मार्चमध्यें त्या कंपनीनें नायराचा व्यवहारच आटोपला. तापमापकाचा पारा चढला म्हणून तापमापक फोडण्यासारखें हें झालें.

आपल्या देशांत याहून निराळें कांहीं घडलें नाहीं. ६ एप्रिल २०१८ रोजीं रिझर्व्ह बँकेनें आपल्या अमलाखालील सर्व बँकांस या व्यापाराशीं संबंध तोडण्याचें फर्मावलें व त्यासाठीं तीन महिन्यांची मुदत दिली. 'झेबपे'नें त्याच सप्टेंबरांत आपला बाजार गुंडाळला. मुंबईच्या 'वझीरएक्स'सारख्यांनीं घेणारा व देणारा यांची परस्पर गांठ घालून देण्याची सोय काढली. रुपये एकाच्या खात्यांतून दुसऱ्याच्या खात्यांत जात, आणि नाणें तेवढें कंपनीच्या अमानतींत राही. नोटांनींच व्यवहार करूं म्हणावें तर तेथेंही कुंपण होतें; १ एप्रिल २०१७ पासून एका दिवसांत एका माणसाकडून दोन लाख वा अधिक रोकड घेण्यास आयकराच्या कायद्यानें बंदी झालेली होती. ४ मार्च २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रिझर्व्ह बँकेचें तें फर्मान रद्द केलें. बँकेस अधिकार नाहीं असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. झालेल्या वा संभाव्य हानीच्या मानानें उपाय फार जबर आहे, असें म्हटलें. २०२२ मध्यें नफ्यावर शेंकडा ३० कर व १ जुलैपासून प्रत्येक सौद्यावर शेंकडा १ कपात आली. ७ मार्च २०२३ रोजीं हा धंदा काळ्या पैशाच्या कायद्याच्या कक्षेंत घेतला गेला.

या सर्वांत साध्या विक्रेत्याचे जे हाल झाले ते आम्हांस विशेष नोंदण्यासारखे वाटतात. त्यानें कोणा अनोळखी माणसास नाणें विकलें व रुपये खात्यांत आले. महिन्याभरानें कळावें कीं ते रुपये तिसऱ्याच कोणास फसवून मिळविलेले होते, आणि दूरच्या एखाद्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून आपलें खातें गोठलें आहे. नाणें गेलें, रुपये अडकले, व आपण निरपराध आहों हें परप्रांतांत जाऊन सिद्ध करावयाचें! खोटा रुपया हातीं आल्यास सराफ तो आपटून पाही व परत फेंकी. बँकेंतून आलेल्या रुपयाचा नाद कोणत्या दगडावर ऐकावा?

हेलसिंकीच्या त्या कंपनीचा शेवट येथेंच सांगितला पाहिजे. १ मे २०१९ पासून फिनलंडांत अशा कंपन्यांसाठीं कायदा लागू झाला, आणि जूनच्या आरंभीं यादींतून 'प्रत्यक्ष भेटून रोख' हा प्रकार मुकाट्यानें नाहींसा झाला. गिऱ्हाइकांस आधीं सूचनाही मिळाली नाहीं. ज्या सोयीसाठीं कंपनी निघाली तीच गेल्यावर उरलें तें इतरांसारखेंच एक दुकान, आणि इतरांचीं दुकानें मोठीं होतीं. ९ फेब्रुवारी २०२३ रोजीं कंपनीनें, मंदीमुळें आतां चालवितां येत नाहीं, असें जाहीर केलें. १६ फेब्रुवारीस सौदे थांबले, आणि ज्यांचीं नाणीं अमानतींत पडलीं होतीं त्यांस तीं घेऊन जाण्यास बारा महिन्यांची मुदत देण्यांत आली.