पौषातली ढोरं

ऊर्जानगरच्या क्वार्टरात वाढलेल्या आम्हा मुलांचा हिवाळा म्हणजे धुक्यात बुडालेल्या वीज केंद्राच्या चिमण्या आणि शाळेचा निळा स्वेटर. आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, हिवाळा मात्र तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगापासून सुरू व्हायचा. नागभीड तालुक्यातलं गाव सोडून ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ढोरांचा कोठा मागे राहिला होता. पण धान कापणीचे दिवस आले की रोज संध्याकाळी तो त्यांच्या बोलण्यात यायचा.

मळणी झाली की तणस रचायचं. खाली आडवी लाकडं, वर निमुळता माथा, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. आत ओल शिरली की तणस काळं पडतं. असलं तणस खाल्लेल्या म्हशीच्या शेपटीचा शेंडा सुकून गळतो, कानाची टोकं झडतात, खुरांच्या वर जखमा होतात, असं ते सांगायचे. लहानपणी मला ती भीती घालायची गोष्ट वाटे. पुढे कळलं की या आजाराला पशुवैद्यकात ‘देगनाला’ म्हणतात. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या डेग नाल्याच्या काठी तो पहिल्यांदा नोंदला गेला. भाताच्या ओल्या तणसावर वाढणाऱ्या फ्युजेरियमसारख्या बुरशीचं विष त्यामागे असतं, आणि तो होतो तो मुख्यतः थंडीतच. आबाजींनी बुरशीचं नाव ऐकलं नव्हतं, पण तिचं घर त्यांना ठाऊक होतं.

“थंडीनं ढोर मरत नाई बापा, ओल्या जागेनं मरते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून कोठ्यात रोज कोरडी राख आणि पालापाचोळा पडायचा, उत्तरेकडच्या कुडाला तुऱ्हाट्यांचा आडोसा लागायचा. तणसाचा मोठा वाटा दिवेलागणीनंतर, कारण रात्रभर चारा पचत राहतो आणि त्या पचनाची ऊब जनावराच्या अंगात राहते. सकाळी पाणी विहिरीचं, तळ्याचं नाही. पौषात ताजं उपसलेलं पाणी तळ्यापेक्षा कोमट असतं. दव सुकल्याशिवाय ढोरं सोडायची नाहीत आणि आटत चाललेल्या मालगुजारी तलावाच्या काठावर चारायची नाहीत. तिथल्या गोगलगायींतून येणारे चपटे कृमी यकृतात घर करतात, जबड्याखाली पाण्याची सूज येते. ही कारणं मी नंतर शिकलो. नियम मात्र आधीपासून पाठ होते.

नुसत्या तणसात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के. ती उणीव जवसाची ढेप भरून काढायची आणि उभ्या धानात पेरलेली लाखोरी. धान निघालं की ती उरलेल्या ओलाव्यावर बांधीत हिरवीगार उभी राहायची.

आजीच्या गोष्टी वेगळ्या. तिच्या आठवणीतला पौष म्हणजे ताडोब्याची जत्रा. वाघाशी झुंजून मेलेला तारू आदिवासींचा देव झाला, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे यात्रा भरते. बैलबंड्या जोडून माणसं जायची, रात्री बैल मधोमध बांधून भोवती शेकोट्या पेटवायची. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. वाघ मात्र उद्यानाची हद्द मानत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघानं एका कामगाराचा जीव घेतला आणि त्याच दिवसांत शेजारच्या दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाचा. त्या रात्री क्वार्टरांच्या खिडकीशी उभा असताना मला आजीच्या शेकोट्या आठवत होत्या.

ढोरांच्या बुळकांडी रोगाचं नाव निघालं की दोघंही गप्प व्हायचे. ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवड्याभरात कोठा रिकामा. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली; २०११ मध्ये जगातूनच हा रोग संपल्याचं जाहीर झालं. तेव्हा आबाजी नव्हते. ही बातमी त्यांना सांगायची फार इच्छा होती.

आणखी एक सांगायची राहिली. ज्या बुटक्या बैलांना सगळे ‘गावठी’ म्हणून हिणवत, त्यांची कठाणी ही स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं नव्यानं नोंदलेल्या जाती २०२३ च्या जानेवारीत जाहीर केल्या, त्यांत गडचिरोलीतल्या कठाणी नदीचं नाव असलेली ही गाय आहे. दूध थोडं, पण चिखलाच्या बांधीत तिचे बैल सहज चालतात आणि साध्या चाऱ्यावर राबतात. माझ्या मते हे बैल अशाच हिवाळ्यांनी घडवले.

आता नागभीड-सिंदेवाहीकडे हार्वेस्टर येतो. तणस तुटून बांधीत पसरतं, गोळा करायला मजूर मिळत नाही, पुष्कळ जण पेटवून देतात. भाड्यानं गठ्ठे बांधणारं यंत्र गावागावात पोचलं, तर ते वाचेल. तणस वाचवणं कठाणीच्या नोंदीइतकंच तातडीचं आहे. माझ्या चुलतभावाकडे अजूनही कठाणी बैलांची एक जोडी आहे. यंदा त्यानं निम्मी बांधी विळ्यानं कापून घेतली आणि लाकडं आडवी टाकून तणस रचलं.