खिळ्यावर धावणारी शर्यत

15 मे 1953. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी स्काउट हाउसमध्ये 55 मुलं आपापल्या हातांनी केलेल्या लाकडी गाड्या घेऊन जमली होती. 31 फुटी उतरत्या ट्रॅकवरून एका वेळी दोन गाड्या सोडल्या जात, आणि पहिली कोण आली हे दारावरच्या घंटीचे भाग बॅटरीला जोडून केलेली यंत्रणा सांगत असे. पाइनवुड डर्बी नावाचा अमेरिकी खेळ सुरू झाला तो असा.

तो काढला डॉन मर्फी यांनी. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीत ते चित्रकलेच्या कामावर होते आणि गावातल्या कब स्काउट म्हणजे लहान वयाच्या स्काउटांच्या पथकाचे, ‘पॅक 280 सी’चे प्रमुखही होते. अमेरिकेत तेव्हा सोप बॉक्स डर्बीचं मोठं वेड होतं. त्यात मुलं स्वतः बनवलेल्या गाडीत बसून उतारावरून धावत. मर्फींचा मुलगा दहा वर्षांचा होता आणि त्या शर्यतीसाठी तो लहान पडत होता. मग मर्फींनी गाडीच लहान केली. कंपनीच्या मॅनेजमेंट क्लबने खर्च उचलला. प्रत्येक मुलाला तपकिरी कागदी पिशवी मिळाली, त्यात पाइन लाकडाचे तीन तुकडे, चार चाकं आणि चार खिळे. एका तुकड्याची गाडी कोरायची, उरलेल्या दोन पट्ट्या खाली आडव्या बसवायच्या आणि त्यांच्या टोकांना खिळे ठोकून चाकं लावायची. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1954 मध्ये, ‘बॉइज लाइफ’ या स्काउट मासिकाने गाडीचे आराखडे छापले आणि गावातला खेळ देशभर गेला.

त्या पिशवीतली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे खिळा. गाडीचा आस तोच. गाडीला इंजिन नाही आणि धक्काही द्यायचा नाही. पाच औंस, म्हणजे सुमारे 142 ग्रॅम, ही वजनाची कमाल मर्यादा असल्यामुळे जवळपास सगळ्या गाड्या त्याच वजनाला आणून ठेवतात. उंचीही सगळ्यांना सारखीच. म्हणजे भांडवल प्रत्येकाला जवळजवळ तेवढंच मिळतं, आणि वाटेत कोण किती कमी गमावतो यावर शर्यत ठरते. बराचसा तोटा होतो तो चाकाचं भोक आणि खिळा जिथे एकमेकांना घासतात तिथे.

साच्यात ठोकून काढलेल्या खिळ्याच्या डोक्याखाली बारीक कंगोरे राहतात, दांड्यावर पकडीच्या खुणा उमटलेल्या असतात. नखाने चाचपलं तरी त्या लागतात. म्हणून खिळा ड्रिलमध्ये धरून फिरता ठेवायचा आणि छोट्या कानशीने आधी डोक्याखालचे कंगोरे काढायचे. हात जड पडला तर दांडा बारीक होतो आणि चाक डुगडुगायला लागतं. मग पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर लावायचा, आधी 400 नंबरचा, मग 600, मग त्याहून बारीक. शेवटी पॉलिश लावून फडक्याने इतकं घासायचं, की खिळा आरशासारखा लखलखला पाहिजे. चाक प्लास्टिकचं असल्याने त्यावरही साच्याची खूण राहते; ती काढून धाव गोल करतात, आतलं भोक गुळगुळीत करतात. वंगणाला ग्राफाइटची कोरडी पूड वापरतात. भोकात पूड भरायची, चाक फिरवायचं, पुन्हा भरायची. या कामाला घाई चालत नाही.

1970 च्या दशकापर्यंत चाकं अरुंद होती, नंतर रुंद आली. आडव्या पट्ट्याही गेल्या आणि ठोकळ्यालाच खाचा पाडलेल्या मिळू लागल्या. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की चाकाला पुढे नेण्याबरोबर गरगर फिरवायलाही ऊर्जा लागते. काठाकडचं वजन जितकं जास्त, तितका हा खर्च वाढतो. यातून एक चाक ट्रॅकला टेकूच न देण्याची युक्ती निघाली: तीन चाकं धावतात, चौथं अधांतरी राहतं. दुसरी युक्ती त्याहून नाजूक आहे. पुढचा एक खिळा किंचित वाकवून गाडी तिच्या चाकांच्या मधून जाणाऱ्या ट्रॅकच्या पट्टीला हलकेच टेकवून चालवायची, म्हणजे ती दोन्ही बाजूंना आपटत जात नाही. आजच्या 42 फुटी ट्रॅकवर गाडी साधारण तीन सेकंदांत खाली पोहोचते आणि इलेक्ट्रॉनिक घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग मोजतं. तिथे असे दोन धक्के वाचले तरी निकाल फिरतो.

बेअरिंग, वॉशर, बुश आणि स्प्रिंग यांना बहुतेक ठिकाणी बंदी आहे. या खेळाची खरी राखण या बंदीनेच केली. बेअरिंग चालू दिली असती, तर ज्याच्या बापाच्या खिशात पैसा त्याचीच गाडी पुढे गेली असती. सगळ्यांच्या वाट्याला तोच ओबडधोबड खिळा येतो, म्हणून दहा वर्षांच्या पोराच्या कानस घासण्याला किंमत राहते. आता आयते घासलेले खिळे आणि लेथवर उतरवलेली चाकं बाजारात मिळतात. अनेक ठिकाणी नियमात बसत असली, तरी मुलाच्या हातचं काम ती काढून घेतात. काही पथकं अशा सामानाला मनाई करतात, चारही चाकं ट्रॅकला टेकलीच पाहिजेत असंही बजावतात, आणि ते योग्यच आहे.

वजन आणि तपासणी झाली, की अनेक ठिकाणी गाड्या पंचांच्या ताब्यात जातात. त्यानंतर वंगण घालता येत नाही. प्रत्येक फेरीत पूड थोडी थोडी झडते, म्हणून पहिल्या फेरीत सुसाट गेलेली गाडी शेवटच्या फेरीपर्यंत मंदावू शकते. तपासणीच्या आदल्या रात्री घरोघरी ग्राफाइटने काळी झालेली बोटं चाकं फिरवत बसतात ती त्यासाठीच.