फार्मव्हिल येथील शालेय विद्यार्थ्यांचा संप (१९५१) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचा आरंभ आपल्याकडील लेखनात बहुधा १७ मे १९५४ च्या ब्राऊन निकालापासून अथवा १९५५ च्या माँटगोमेरी येथील बस-बहिष्कारापासून सांगितला जातो. साहजिकच न्यायाधीश, वकील व धर्मोपदेशक हेच या कथेतील कर्ते ठरतात. परंतु ब्राऊन निकालात एकत्र केलेल्या पाच दाव्यांपैकी एक दावा शाळा भरलेली असताना वर्ग सोडून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांमुळे उभा राहिला, ही बाब सहसा तळटीपेत जाते. प्रस्तुत लेखात त्या संपाचा विचार केला आहे. विद्यार्थी आंदोलनामागे कोणी तरी प्रौढ सूत्रधार असतोच, असे गृहीत धरण्याची सवय प्रशासनाला असते आणि इतिहासकारही तिच्यापासून पूर्णतः मुक्त नाहीत. फार्मव्हिलचा घटनाक्रम तारखांनिशी तपासला असता हे गृहीतक टिकत नाही, असे दिसून येते.

पार्श्वभूमी

फार्मव्हिल हे व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड या तंबाखू पिकविणाऱ्या ग्रामीण काउंटीचे मुख्य ठिकाण. १८९६ च्या प्लेसी निकालाने मान्य केलेले 'विभक्त परंतु समान' हे तत्त्व येथेही लागू होते. त्यातील 'विभक्त' हा भाग काटेकोरपणे पाळला जाई. 'समान' या शब्दाचा अर्थ रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल या कृष्णवर्णीयांच्या शाळेत पाहावयास मिळे. १९३९ मध्ये १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या या इमारतीत १९५१ पर्यंत ४५० हून अधिक विद्यार्थी शिकत होते. व्यायामशाळा नाही, उपाहारगृह नाही, प्रयोगशाळा नाही. गर्दीवर उपाय म्हणून १९४८ च्या सुमारास लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून काही खोल्या उभारण्यात आल्या. त्यांची छपरे गळत. थंडीत शेगडीजवळ बसलेल्यांना उकडे आणि दूर बसलेले अंगावरचा कोट काढू शकत नसत. लांबून पाहणाऱ्यास ती कोंबड्यांची खुराडी वाटत. पालक-शिक्षक संघाने शाळा मंडळाकडे नव्या इमारतीची मागणी वारंवार केली व प्रत्येक वेळी आश्वासनावर समाधान मानले. सनदशीर मार्ग प्रौढांनी चोखाळून झालेला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

२३ एप्रिल १९५१

बार्बरा जॉन्स ही त्या वेळी सोळा वर्षांची होती. शाळेच्या दुरवस्थेबद्दल तिने एका शिक्षिकेजवळ तक्रार केली तेव्हा, तूच काही का करीत नाहीस, असे उत्तर मिळाले. या संवादावरून शिक्षकांनीच संप घडविला असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. कारण पुढील काही महिने बार्बरा व तिचे मोजके सहकारी यांनी जी आखणी केली, ती पालकांपासून आणि मुख्याध्यापकांपासूनही लपवून ठेवली होती. ठरलेल्या दिवशी मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना दूरध्वनी आला, की आपल्या शाळेची काही मुले गावातील बसस्थानकावर अडचणीत सापडली आहेत. ते तातडीने निघून गेले. लगेच प्रत्येक वर्गात सभागृहात जमण्याची सूचना देणारी चिठ्ठी पोहोचली. तिच्याखाली मुख्याध्यापकांच्या आडनावाचे आद्याक्षर होते. 'जोन्स' आणि 'जॉन्स' या दोन्ही आडनावांचे इंग्रजी आद्याक्षर एकच, हा योगायोग विद्यार्थ्यांच्या पथ्यावर पडला. पडदा उघडला तेव्हा व्यासपीठावर मुख्याध्यापकांऐवजी बार्बरा उभी होती. शिक्षकांना सभागृहाबाहेर जाण्यास सांगण्यात आले व तिच्या भाषणानंतर विद्यार्थी शाळेबाहेर पडले. ज्या संपासाठी मुख्याध्यापकांना फसवून दूर करावे लागते, तो संप त्यांनीच घडविला असे कसे म्हणावे?

हे सारे शाळेच्या वेळेतच का घडावे, हाही प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. ही मुले विखुरलेल्या शेतवस्त्यांमधून, गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेल्या बसगाड्यांतून येत. एवढ्या संख्येने ती एकत्र असत ती केवळ शाळेच्या तासांत. सायंकाळी सभा घेतली असती, तर ती आणखी एक अर्ज करून संपली असती, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी रिचमंड येथे एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या वकिलांना पत्र लिहिले. ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन २५ एप्रिल रोजी पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये विद्यार्थ्यांना भेटले, ते मुळात त्यांना शाळेत परत जाण्याचा सल्ला देण्यासाठी. विद्यार्थ्यांचा निर्धार पाहून त्यांनी मत बदलले, पण एक अट घातली. केवळ नव्या इमारतीसाठी नव्हे, तर विभक्त शिक्षणाच्या पद्धतीविरुद्धच दावा दाखल करावा लागेल. तोपर्यंत विद्यार्थ्यांची मागणी चांगल्या शाळेची होती, एकत्र शाळेची नव्हती. हा संप प्रारंभापासून वंशभेदाधारित विभक्ततेविरुद्ध होता असे लिहिणारे अभ्यासक नंतरचे फलित मागे नेऊन वाचतात. पालकांनी अट मान्य केली. ७ मे रोजी विद्यार्थी वर्गात परतले व २३ मे रोजी, म्हणजे संपानंतर बरोबर एका महिन्याने, ११७ विद्यार्थ्यांच्या नावे दावा दाखल झाला. यादीतील पहिले नाव चौदा वर्षांच्या डोरोथी डेव्हिसचे असल्याने तो डेव्हिस खटला म्हणून ओळखला जातो.

परिणाम

संपाशी संबंध नसलेल्या मुख्याध्यापकांनाच पद गमवावे लागले. संस्थाप्रमुखास जबाबदार धरून विद्यार्थ्यांना आवर घालण्याची ही रीत आपल्याला बंगालमधील १९०५ च्या कार्लाइल परिपत्रकापासून परिचित आहे. बार्बराच्या सुरक्षिततेच्या काळजीने तिला माँटगोमेरी येथे काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठविण्यात आले. १९५२ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयात दावा फेटाळला गेला, पण १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो यशस्वी ठरला. दरम्यान १९५३ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी नवी शाळाही सुरू झाली. संपाची मूळ मागणी अशा रीतीने मान्य झाली, परंतु तोवर ती पुरेशी राहिली नव्हती.

यानंतरचा भाग ग्रंथांत अनेकदा एका वाक्यात उरकला जातो. एकत्र शिक्षणाचा आदेश पाळावा लागू नये म्हणून काउंटीने १९५९ मध्ये आपल्या सर्व सार्वजनिक शाळा बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांसाठी मात्र काहीच नव्हते. काही नातेवाइकांकडे परगावी गेली, काही शेतात कामाला लागली. १९६३-६४ मध्ये तात्पुरत्या मोफत शाळा चालल्या व १९६४ च्या ग्रिफिन निकालानंतरच सार्वजनिक शाळा उघडल्या. विद्यार्थ्यांनी दोन आठवडे वर्ग सोडले, तर शाळा चालविणाऱ्यांनी पाच वर्षे. त्याची झळ पोहोचली ती १९५१ मध्ये शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुलांना.

बार्बरा जॉन्स पुढे ग्रंथपाल झाल्या व १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव २००३ मध्ये संमत केला. शिक्षण हुकलेल्यांसाठी २००४ मध्ये शिष्यवृत्ती योजना सुरू झाली, तेव्हा तिला पात्र ठरणारे विद्यार्थी पन्नाशीच्या घरात अथवा त्याही पुढे गेलेले होते.