निवांत रस्त्यांचा ऋतू : काठीची हिवाळी वाट

१/ लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला हिवाळी सरावासाठी दोन गोष्टी हव्या असतात : थंड सकाळ आणि वर्दळ नसलेला रस्ता. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातील काठी परिसरात दोन्ही मिळतात. थंडी ही सातपुड्याची देणगी. निवांतपणा मात्र इतिहासाने घडवलेला आहे. हा धागा त्या इतिहासाविषयी.

२/ युरोपात शर्यतींचा मुख्य हंगाम वसंतापासून शरदापर्यंत चालतो. हिवाळ्यात स्वार आडवाटांनी, संथ गतीने, लांब अंतरे कापत दमसास वाढवतात. महाराष्ट्रातील ऋतुगणित निराळे. पावसाळ्यात घाट निसरडे, वैशाखात ऊन असह्य. म्हणून दिवाळी ते होळी हाच सरावाचा खरा काळ. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाच्या चढणीवर सरस ठरणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात; असा राजा घाटातच घडतो.

३/ पण रस्ता कोणासाठी बांधला जातो? इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकलस्वारांची मोठी संघटना उभी राहिली आणि १८८६ साली सायकलस्वारांच्याच पुढाकाराने रस्तेसुधारणेची चळवळ सुरू झाली. मोटारी येण्यापूर्वीच चांगल्या रस्त्यांची मागणी सायकलने केली होती.

४/ खानदेशच्या डोंगरात ओघ उलटा होता. काठी हे मेवासी संस्थानांपैकी एक. १८२५ साली आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर सरकारची पकड घट्ट केली. सत्तेच्या लेखी डोंगर म्हणजे बंदोबस्त आणि लाकूड. पाड्यावरच्या माणसाची ये-जा पायवाटेनेच होत राहिली.

५/ पुढे १९५० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या परिसरात, सहकारी साखर कारखानदारी वाढली. ऊसतोडीला खानदेशातून मजूर जाऊ लागले. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोने मिळून एक ‘कोयता’ व्हायचे, ही रीत रुळली. आजही दिवाळीनंतर सातपुड्यातील अनेक पाडे निम्मेशिम्मे रिकामे होतात.

६/ हिवाळ्यात या रस्त्यांवर जी शांतता भेटते, तिचा मोठा भाग या स्थलांतराचा आहे. घराला कुलूप, अंगणात म्हातारी माणसे. त्याच वेळी खाली तळोदा–शहादा पट्ट्यात गळीत हंगाम ऐन भरात असतो. एकाच उसाने सपाटीचे रस्ते गजबजतात आणि डोंगरातले ओस पडतात.

७/ सरावाची आखणी करणाऱ्याला हे ठाऊक असणे व्यवहारतःही उपयोगाचे. अंधारात सपाटीवरचे रस्ते टाळावेत. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असे नाही. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून अक्कलकुव्याहून उजाडल्यावरच निघावे. देवगोई घाटात पहिल्या आठवड्यांत वेग मोजू नये, श्वासाची लय सांभाळावी. उतारावर प्रत्येक वळणाआड गुरे असतील असे गृहीत धरावे. पाणी, खाणे, पंक्चरचे साहित्य सोबतच हवे. मोलगीच्या आठवडे बाजाराचा वार आधी विचारून घ्यावा. त्या दिवशी हाच रस्ता जीपगाड्यांनी भरतो.

८/ आणखी एक गोष्ट. अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून आजारी माणसाला, बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या वारंवार येतात. सायकलस्वार ज्या चढाला सराव म्हणतो, तोच चढ इथे कोणाच्या तरी जिवाची घटका मोजत असतो. रस्त्याकडेला थांबताना सायकली आणि सोबतची गाडी वाट अडवणार नाहीत, एवढी दक्षता किमान आहे.

९/ माघ सरत येतो तसे चित्र पालटते. महाशिवरात्रीला देवमोगरा मातेच्या यात्रेची पावले रस्त्यावर दिसू लागतात. मग भोंगऱ्या बाजार भरतात. ऊसतोडीला गेलेले होळीसाठी परततात. काठीच्या राजवाडी होळीला मोरपिसांचे टोप आणि कमरेचे घुंगरू घातलेले बुध्या-बावा दूरदूरच्या पाड्यांवरून येतात. रात्रभर ढोल घुमतो आणि पहाटे होळी पेटते.

१०/ तेव्हा सरावाचे वेळापत्रक होळीच्या आठवडाभर आधी संपवावे. त्यानंतर हा रस्ता मोकळा राहत नाही, कारण ज्यांचा तो आहे ते घरी आलेले असतात.