खांदा पुन्हा पुन्हा का निखळतो? मुसळापासून दुर्बिणीपर्यंतची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आजचा विषय माझ्या अगदी अंगाशी आलेला आहे. म्हणजे खरोखरच.

माझा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत कबड्डीची स्पर्धा होती. चढाई करून परत फिरलो, मध्यरेषेकडे हात लांब केला, आणि मागून एकाने मनगट धरून खेचलं. खट्कन आवाज आला. खांद्याचा गोल आकारच गेला, हात लोंबायला लागला. मैदानावरच एका काकांनी तो बसवून दिला. दोन आठवडे हात गळ्यात, आणि पुढच्या महिन्यात मी परत मैदानात.

पुढच्या तीन वर्षांत तो सात वेळा निखळला. एकदा एसटीत फळीवरची बॅग काढताना, एकदा तर झोपेत कूस बदलताना. शेवटी शेवटी मी स्वतःच बसवायला शिकलो. पोरांसमोर त्याची शायनिंगही मारायचो. त्या शायनिंगची किंमत काय होती, ते पुढे सांगतो.

आधी खांदा समजून घेऊ. दंडाच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोल चेंडू. तो ज्या वाटीत बसतो ती फारच उथळ. वाटी कसली, बशीच म्हणा. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. चेंडू घसरू नये म्हणून बशीच्या काठाला एक चिवट कडा असते, तिला लॅब्रम म्हणतात. या कडेला सांध्याची पिशवी आणि अस्थिबंध जोडलेले असतात.

निखळलेला खांदा बसवणं हे माणसाला फार जुनं ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितलंय की खांद्याचा सांधा सुटला तर काखेत मुसळ घालून वर उचलावं, आणि जागेवर बसला की स्वस्तिकाच्या आकाराचा पट्टा बांधावा. घरातलं मुसळ! पण मुसळाने खांदा बसतो. तो पुन्हा निखळू नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न वेगळा.

हा प्रश्न ग्रीसच्या हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात आहे, सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा. या त्रासामुळे चांगल्या चांगल्या खेळाडूंना खेळ सोडावा लागतो, असं त्यात म्हटलंय. वाचताना वाटलं, हा माणूस आमच्याच मैदानावर उभा होता की काय! त्याचा उपाय मात्र अंगावर काटा आणणारा. काखेतली कातडी चिमटीत धरून तापलेल्या सळया आरपार घालायच्या. भाजलेली जागा आकसते, मग चेंडूला खाली घसरायला जागा उरत नाही, असा त्यामागचा विचार.

गंमत म्हणजे विसाव्या शतकापर्यंत बरेच सर्जन थोडाफार असाच विचार करत होते. पिशवी सैल झाली आहे ना? मग ती घट्ट करा. स्नायू आखूड करा. खांदा निखळायचा थांबायचाही, पण अनेकदा हात बाहेरच्या बाजूला पूर्ण वळायचा नाही.

इथे गोष्टीत येतो लंडनचा सर्जन ब्लंडेल बँकार्ट. १९२३ साली त्याने चार रुग्णांची माहिती छापली आणि सरळ सांगितलं की सैल पिशवी हे मूळ दुखणं नाही. पुढच्या बाजूची कडा बशीच्या हाडापासून सुटलेली असते आणि ती आपोआप परत चिकटत नाही. तेव्हा पिशवी आवळत बसू नका, सुटलेली कडा हाडाला शिवा. जर्मनीत पर्थेसने १९०६ मध्येच असं काहीसं मांडलं होतं, पण नाव टिकलं बँकार्टचं. १९३८ मध्ये त्याने २७ रुग्णांचा हिशेब दिला: एकाचाही खांदा पुन्हा निखळला नव्हता, हालचालही पूर्ण होती. पुढे अमेरिकेत रो, पटेल आणि साउथमेड यांनी १९७८ मध्ये याच पद्धतीच्या १४५ खांद्यांचा दीर्घकाळचा निकाल छापला. पुन्हा निखळण्याचं प्रमाण होतं फक्त ३.५ टक्के.

मग दुर्बीण आली. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय बघायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. तिथून सुरू झालेली वाट १९८० नंतर खांद्यापर्यंत पोचली. आता दोन-तीन छोट्या छिद्रांतून आत जायचं, हाडात बारीक अँकर बसवायचे आणि त्यांच्या दोऱ्याने कडा शिवायची. मोठा चिरा नाही. खेळाडू खूश.

पण काहींचे खांदे परत निखळायला लागले. का? २००० साली टेक्सासचे बर्कहार्ट आणि केपटाऊनचे डी बीअर यांनी दुर्बिणीने शिवलेले १९४ रुग्ण तपासले. ज्यांचं हाड शाबूत होतं त्यांच्यात पुन्हा निखळणं ४ टक्के. ज्यांचं हाड बरंच झिजलं होतं त्यांच्यात ६७ टक्के! धक्काबुक्कीचे खेळ खेळणाऱ्यांत हाड झिजलेलं असेल तर तब्बल ८९ टक्के. तिकडे रग्बी, आपल्याकडे कबड्डी. खांद्याला काय फरक पडतो?

हाड झिजतं कसं? दर वेळी चेंडू बाहेर पडताना बशीच्या पुढच्या काठावर घासतो. काठ थोडा थोडा तुटतो. उलट चेंडूला मागच्या बाजूने खळगा पडतो. हिल आणि सॅक्स यांनी १९४० मध्ये एक्स-रेवर दाखवलेला हा खळगा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बशीच फुटली असेल तर कडा शिवून काय उपयोग?

आता माझ्याकडे या. आंबा घाट चढून कोल्हापूरला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी ठरवूनच गेलो होतो: छोटी छिद्रं, दुर्बीण, पुढच्या मोसमाला तयार. डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढायला लावला आणि संगणकावर चित्र फिरवून दाखवलं. बशीचा पुढचा काठ चक्क सपाट झालेला.

“अरे, किती वेळा स्वतः बसवलास?” त्यांनी विचारलं.

“तीन-चार वेळा तरी, सर.”

“मग हा काठ बघ. तोच गेलाय.”

ही होती शायनिंगची किंमत.

माझ्यासाठी त्यांनी दुसरी शस्त्रक्रिया सुचवली. ती फ्रान्समधल्या लियाँच्या मिशेल लातार्जेने १९५४ मध्ये मांडलेली आहे. खांद्याच्या पुढे वाकड्या चोचीसारखं एक हाड असतं, कोरॅकॉइड. नावातच ग्रीक कावळा आहे. त्याचा तुकडा त्याला चिकटलेल्या स्नायूंसकट कापायचा आणि बशीच्या झिजलेल्या काठावर स्क्रूने बसवायचा. काठ भरून निघतो, आणि हात वर नेल्यावर ते स्नायू पुढून पट्ट्यासारखा आधार देतात. आई घाबरली, “हाड कापून दुसरीकडे लावणार?” मीही घाबरलोच होतो. पण तो ८९ चा आकडा ऐकल्यावर छोट्या छिद्रांचा हट्ट सोडला.

तुम्हाला श्रेयस अय्यर आठवत असेल. २३ मार्च २०२१ ला पुण्याजवळ गहुंजेला इंग्लंडविरुद्ध चेंडू अडवायला झेपावला आणि त्याचा डावा खांदा निसटला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया, सप्टेंबरमध्ये पुनरागमन, आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला कसोटी पदार्पणातच १०५ धावा. त्याने काही आठवड्यांत निर्णय घेतला. मी तीन वर्षं घालवली.

पहिल्यांदा निखळलेल्या प्रत्येक खांद्याला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. चाळिशीनंतर पहिल्यांदा निखळला तर पुन्हा निखळण्याची शक्यता कमी असते. अनेकांचं व्यायामावर भागतं. पण विशीच्या आतबाहेरचे असाल आणि अंगाला अंग भिडणारा खेळ खेळत असाल, तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता खूप असते. म्हणून पहिल्याच वेळी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. मैदानावर ओढाताण नको, कारण सोबत हाड मोडलेलं असू शकतं, शीर दबलेली असू शकते.

माझ्या शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष झालं. खांदा एकदाही निखळलेला नाही. हात बाहेरच्या बाजूला थोडा कमी वळतो, तेवढं चालतं. चढाईला परत जातोय. परवा सरावात एका पोराने हसत हसत स्वतःचा खांदा काढून बसवून दाखवला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला बाजूला घेतलं आणि मोबाईलवर माझा जुना स्कॅन दाखवला. पुढच्या सोमवारी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जातोय.

तुमच्याही संघात असा एखादा असेलच. त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!