कंबरदुखी : शस्त्रक्रियेविना उपचार

शेवटच्या बरगडीपासून नितंबांच्या घडीपर्यंत पाठीच्या भागात होणारी वेदना म्हणजे कंबरदुखी. ती एकाएकी उठली की मराठीत ‘उसण भरली’, ‘चमक निघाली’ किंवा ‘लचक भरली’ असे म्हणतात. सहा आठवड्यांच्या आतली कंबरदुखी तीव्र आणि बारा आठवड्यांपलीकडे टिकलेली ती जुनाट, अशी वैद्यकातली ढोबळ विभागणी आहे. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना हे दुखणे असल्याचा अंदाज आहे. त्यांपैकी बहुतेकांत हाडाचा मोड, संसर्ग, गाठ किंवा दबलेली नस असे एक ठाम कारण सापडत नाही आणि त्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. मणक्यावरील हस्तोपचार, योगासने, व्यायाम, सुया, वजन लावणे, तेल आणि शेक हे त्यांच्यापुढचे पर्याय असतात. या उपचारांना संशोधनाचा आधार कितपत आहे, याचा आढावा या नोंदीत घेतला आहे.

‘गादी सरकली’ : एमआरआयचा अहवाल हातात पडला की रुग्णाच्या तोंडी हा शब्द येतो आणि तो वाकायलाही भिऊ लागतो. १९९४ साली अमेरिकेत कंबर कधीच न दुखलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्के लोकांत किमान एका जागी दोन मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली. म्हणजे चित्रातला दोष आणि दुखणे यांची सांगड दर वेळी बसत नाही. ही एक गोष्ट रुग्णाला नीट समजावून सांगितली, तरी त्याची निम्मी भीती जाते. म्हणूनच नव्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘समजावणे’ हाही एक उपचार मानला आहे.

लोकोपचार : जन्मताना पायाकडून बाहेर आलेली व्यक्ती म्हणजे पायाळू. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत उसण भरलेल्या माणसाला पालथे झोपवतात, गावातल्या पायाळूला बोलावतात आणि त्याचा पाय कमरेला लावून घेतात. जोडीला निर्गुडीच्या पाल्याचा नाहीतर तापवलेल्या विटेचा शेक असतो. चार-सहा दिवसांत माणूस उठतो. त्याला आलेला आराम खराच असतो, कारण तीव्र उसण बहुतेकांत काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पाय लावला नसता तरी तो उठला असता का, हे एका माणसाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी पुष्कळ रुग्ण घ्यावे लागतात, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडावे लागतात आणि एका गटाला तो उपचार न देता दोन्ही गटांची तुलना करावी लागते. पुढील बहुतेक आकडे अशा तुलनांतून आलेले आहेत.

कायरोप्रॅक्टिक : अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी सप्टेंबर १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड या ऐकू न येणाऱ्या माणसाच्या पाठीवर पहिला उपचार केला. मणका जागचा हलल्याने बहुतेक रोग होतात, असे पामर मानत. या मताला संशोधनाचा आधार मिळाला नाही. पण कमरेवर हाताने झटका देण्याचे तंत्र टिकले आणि त्याचा अभ्यासही झाला. त्या वेळी येणारा ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्याचे पृष्ठभाग झटकन दूर होताना आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बोटे मोडताना ही घटना एमआरआयवर प्रत्यक्ष पाहिली.

सिएटल परिसरातील ३२१ प्रौढांवरील चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला कायरोप्रॅक्टिक उपचार दिले, दुसऱ्याला मॅकेंझी पद्धतीची फिजिओथेरपी आणि तिसऱ्याला फक्त माहितीपुस्तिका. पहिले दोन गट जवळजवळ सारखेच सुधारले आणि पुस्तिकेच्या गटाहून थोडेसेच पुढे राहिले. दोन वर्षांचा सरासरी खर्च मात्र अनुक्रमे ४२९, ४३७ आणि १५३ डॉलर आला. २०१७ च्या एका आढाव्यात तीव्र कंबरदुखीत हस्तोपचाराने वेदनेत शंभरांच्या मापावर सुमारे दहा अंकांची घट आढळली. जुनाट दुखण्यासाठी २०१९ मध्ये ४७ चाचण्या व ९,२११ रुग्ण एकत्र तपासण्यात आले. शिफारस केलेल्या इतर उपचारांइतकाच हस्तोपचाराचा गुण दिसला. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीच्या स्वीकारार्ह उपचारांत त्याला जागा दिली.

मानेचा प्रश्न वेगळा आहे. न्हाव्याच्या दुकानात दाढी-चंपी झाल्यावर मान दोन्हीकडे कडकन मोडून घेण्याची सवय शहरांतही आढळते. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला आतून चीर पडून पक्षाघात झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील २००८ च्या अभ्यासात अशा पक्षाघाताचा संबंध कायरोप्रॅक्टरच्या भेटीशी दिसला, तसाच तो साध्या डॉक्टरच्या भेटीशीही दिसला. चीर आधीच पडलेली असावी आणि मानेच्या दुखण्यामुळेच ते रुग्ण उपचाराला गेले असावेत, असा अर्थ संशोधकांनी लावला. सर्वांना तो मान्य नाही. धोका दुर्मीळ असला तरी झटक्याचा फायदाही माफकच आहे. त्यामुळे प्रशिक्षण नसलेल्या हातात मान देऊ नये.

योगासने : महाराष्ट्राशी सर्वांत जवळचा पुरावा येथे आहे. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि तेथेच स्थिरावले. रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. लाकडी ठोकळे, पट्टे, घोंगड्या, खुर्च्या आणि भिंतीत अडकवलेले दोर ही या पद्धतीची ओळख आहे. कंबर धरलेला माणूस मांड्यांच्या सांध्यात दोर अडकवून पुढे झुकतो, टाचा जमिनीवर टेकवतो आणि हात पुढे लांबवतो. शरीराचा भार दोर पेलतो आणि स्नायूंना न झगडता पाठ लांब होते. वाकायला भिणाऱ्या माणसाला या दोराच्या भरवशावर वाकता येते.

अय्यंगार पद्धतीवरील ६० रुग्णांची अमेरिकी चाचणी २००५ मध्ये आणि ९० रुग्णांची २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत गुण आढळला. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या २०११ च्या चाचणीत ३१३ जण होते. त्यांपैकी १५६ जणांना तीन महिन्यांत बारा वर्ग देऊ केले आणि बाकीच्यांवर नेहमीचे उपचार चालू ठेवले. पाठीमुळे कोणकोणती कामे अडतात, हे विचारणाऱ्या चोवीस प्रश्नांच्या मापावर योगगट तीन महिन्यांनी २.१७ अंकांनी आणि वर्षाने १.५७ अंकांनी पुढे राहिला. वेदनेच्या आकड्यात मात्र ठळक फरक पडला नाही. दुखणे राहिले, पण त्याने अडवलेली कामे मोकळी झाली. कुटुंब चालवणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा असतो.

२०११ च्याच २२८ जणांच्या अमेरिकी चाचणीत दुसऱ्या एका पद्धतीची योगासने साध्या ताणाच्या व्यायामाहून सरस ठरली नाहीत. बॉस्टनमध्ये ३२० जणांवर झालेल्या २०१७ च्या चाचणीत योग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २१ चाचण्या व २,२२३ जण होते. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योगाचा फायदा त्यात दिसला, पण तो लहान होता.  

व्यायाम, चालणे, विश्रांती : कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यातील २४९ चाचण्या जुनाट कंबरदुखीत व्यायामाच्या बाजूने आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांच्या चाचणीत टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणाऱ्यांचे दुखणे परतायला लागलेल्या दिवसांचा मध्यक २०८ होता, इतरांचा ११२. हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर १९९५ मध्ये झालेल्या तुलनेत पडून राहणाऱ्यांपेक्षा जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले.

वजन व पट्टा : रुग्णाला खाटेवर झोपवून कमरेला वजन लावण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ३२ चाचण्यांच्या २०१३ च्या आढाव्यात तिचा उपयोग जवळजवळ दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना जुनाट कंबरदुखीत वजन आणि कंबरपट्टा या दोहोंची शिफारस करत नाही.

सुया : जर्मनीतील १,१६२ रुग्णांच्या २००७ च्या चाचणीत खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के, नुसत्या वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना गुण आला.

आयुर्वेद : पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांची गुडघ्याच्या (कमरेच्या नव्हे) संधिवातावरील ४४० रुग्णांची, २४ आठवड्यांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुंठ-गुळवेल यांवर आधारलेली औषधे सेलेकॉक्सिब व ग्लुकोसामाइन यांच्या तोडीची ठरली. मात्र काहींत यकृताच्या तपासणीतील एसजीपीटी वाढले.

काम आणि दुखणे : डॉ. चोप्रा यांच्याच गटाने १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात ४,०९२ प्रौढांची घरोघर पाहणी केली आणि १८.२ टक्के लोकांत हाडे-सांधे-स्नायूंचे दुखणे नोंदवले. गावातल्या दुखण्याचे असे दस्तऐवज मोलाचे आहेत, कारण वर दिलेल्या बहुतेक चाचण्या परदेशी शहरांतल्या आहेत. ‘कामात राहा’ हा सल्ला हेलसिंकीच्या कर्मचाऱ्याला लागू पडला, पण मराठवाड्यातली कामे वेगळी आहेत. बीडचा ऊसतोड मजूर दिवसभर वाकून कोयता चालवतो आणि संध्याकाळी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो. पैठणी विणणारा पैठणचा कारागीर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, छोट्या कांड्यांवर मान घालून तासन्‌तास बसतो. वाळूजच्या कारखान्यातला कामगार पाळीभर एकाच जागी उभा असतो. मजुराला भार हलका करून हवा, विणकराला मधूनमधून उठायला हवे आणि कामगाराला जागा बदलायला हवी. व्यायामाचा कागद हाती देण्याआधी ‘काम काय करता?’ असे विचारले, तरच तो कागद घरी वापरला जातो.

कायदा : महाराष्ट्रात फिजिओथेरपीसाठी २००२ चा राज्य परिषद कायदा आहे, कायरोप्रॅक्टिकसाठी देशात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही.

धोक्याच्या खुणा : लघवी अडणे किंवा नकळत होणे, बसण्याच्या जागेची संवेदना जाणे, दोन्ही पायांतले बळ ओसरणे, ताप, वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना. यांतले काहीही दिसले, तर मालिश, झटका आणि आसने थांबवावीत. पहिल्या तीन खुणांत मज्जातंतूंचा जुडगा दबलेला असू शकतो आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाण्याची भीती असते. छत्रपती संभाजीनगर व आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्णाने अशा वेळी घाटीत, म्हणजे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचावे.