ओढणारा पंप, ढकलणारा पंप : टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा इतिहास

इंजिनाचा इतिहास सांगताना पिस्टन आणि अश्वशक्तीबद्दल सगळेच बोलतात. टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं कसं, हा विषय बहुतेक वेळा राहून जातो. आज तेवढंच बोलायचं आहे. वरूडमध्ये ते सोपं जाईल, कारण इथला संत्र्याचा बागाईतदार पंपाची अर्धी विद्या विहिरीवरच शिकलेला असतो.

विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप 7-8 मीटरच्या खालचं पाणी उचलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. का उचलत नाही? कारण पंप पाणी ओढतच नाही. तो नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. हवेचं बळ संपलं की काम थांबलं. म्हणून पाणी खाली गेलं तसा आपण पंप विहिरीत उतरवला, आणि पुढे बोअरमध्ये मोटर थेट पाण्यात सोडली. या तालुक्याचं नाव भूजलाच्या अतिउपशात का आलं, तो वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण पंपाचा हा प्रवास लक्षात ठेवा. पेट्रोलच्या पंपानेही तोच केला.

सुरुवातीला पंपच नव्हता. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, बस. मोटरसायकलींनी ही पद्धत शंभर वर्षं सांभाळली. शेतातले पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे छोटे पंपसेटही असेच. पण 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत टाकी पुढच्या सीटखाली होती. चढावर पुढचा भाग वर गेला आणि पेट्रोल कमी असलं, की ते इंजिनापर्यंत यायचंच नाही. मग लोक काय करत? गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत! हसू नका, त्यात गुरुत्वाकर्षणाचं अचूक ज्ञान होतं.

पुढे टाकी मागे गेली. इंजिनाच्या व्हॅक्यूमने पेट्रोल एका लहान टाकीत ओढायचं आणि तिथून खाली सोडायचं, अशी युक्ती निघाली. पण लांब चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूमच घटतो. जिथे पेट्रोल सर्वांत जास्त हवं, तिथेच ते कमी पडे.

यावर 1920 च्या दशकाअखेर उत्तर आलं : इंजिनावर बसवलेला डायफ्रामचा पंप. याची रचना थोडी सावकाश समजून घेऊ. कॅमशाफ्ट एक दांडी हलवतो, दांडी डायफ्राम खाली खेचते आणि पेट्रोल आत येतं. मात्र ते कार्ब्युरेटरकडे ढकलण्याचं काम दांडी करत नाही, स्प्रिंग करते. कार्ब्युरेटरची वाटी भरली की फ्लोट वर येऊन सुई बंद करतो. मग डायफ्राम खालीच थांबतो आणि दांडी नुसती हलत राहते. म्हणजे दाब ठरतो स्प्रिंगच्या ताकदीवर, इंजिनाच्या वेगावर नाही. ना वायर, ना रेग्युलेटर. आपल्याकडच्या विलिस जीपला हाच पंप होता. काहींत तर वायपर चालवायला दुसरा डायफ्रामही असे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या फियाटला आणि तिच्याच पुढच्या नावाच्या पद्मिनीलाही हाच.

पण वऱ्हाडातल्या उन्हाने याची दुखरी बाजू दाखवून दिली. पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला, आणि काम ओढण्याचं. ओढताना दाब कमी होतो आणि कमी दाबाला द्रव लवकर उकळतो. पेट्रोलचा हलका भाग तर एरवीही 40 अंशांच्या आसपास उकळू लागतो. मे महिन्यात इथली हवाच 45 अंश. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट हळू गिअरमध्ये चढा. पुढून वारा नाही, बॉनेटखाली भट्टी. नळीत वाफ धरते, पंप वाफच दाबत बसतो, गाडी बंद. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट पाहायची. ते फडकं म्हणजे अडाणीपणा नव्हता. मिस्त्रीचं निदान बरोबर होतं. चुकीची होती ती पंपाची जागा.

इंग्रजी गाड्यांनी दुसरी वाट धरली होती. मॉरिस मायनरमध्ये एसयू कंपनीचा विजेचा पंप टिकटिक करायचा. त्याचे पॉइंट चिकटले की पान्याने हलकेच टकटक करायची, की पुन्हा चालू. विजेच्या पंपाचा मोठा फायदा असा, की त्याला इंजिनापाशी बसावं लागत नाही. तो टाकीपाशी नेता येतो, म्हणजेच विहिरीत उतरवता येतो! 2000 च्या आसपास इंजेक्शनच्या मोटारी आल्या, तेव्हा पंप थेट टाकीत बुडाला. 2020 च्या बीएस-6 नियमांनंतर नव्या दुचाक्यांमधूनही कार्ब्युरेटर जवळपास गेलाच.

आता हा इतिहास आज कशाला? कारण जुन्या जीप आणि पद्मिनी पुन्हा रस्त्यावर येताहेत. तरुण मुलं मोठा कार्ब्युरेटर लावतात, इंजिन जोरकस करतात, आणि पंप निवडताना घोटाळा होतो. विहिरीवर तुम्ही हेड आणि डिस्चार्ज वेगळे मोजता, तसंच इथे दाब आणि प्रवाह वेगळे मोजा.

आधी प्रवाह. पूर्ण जोरात एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण 225 ग्रॅम पेट्रोल लागतं. 75 अश्वशक्तीला 17 किलो, म्हणजे सुमारे 23 लिटर. वर निम्मी जादा पकडून 35 लिटरचा पंप घ्या. पण हा आकडा मोकळ्या नळीचा नको, कामाच्या दाबाचा हवा.

मग दाब. वेबरसारख्या कार्ब्युरेटरला 2.5 ते 3.5 पीएसआय पुरतो, अमेरिकन होलीला 5 ते 7. इंजेक्शनचा पंप 40 च्या आसपास देतो. भंगारातून स्वस्तात मिळाला म्हणून तो सरळ जोडला, तर फ्लोटची सुई हरते आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. इथे प्रश्न जिवाचा आहे, मायलेजचा नव्हे.

बसवताना पंप टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या पातळीखाली. त्याच्या आधी जाड जाळी, नंतर बारीक फिल्टर. नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी दिली तर ते फिरतं राहतं आणि तापत नाही. वीज जाड वायरीने, फ्यूज आणि रिलेतून. आणि सर्वांत महत्त्वाचं : इंजिन बंद पडलं तर पंपही बंद पडलाच पाहिजे. जुना पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबायचा. विजेच्या पंपाला ते कळत नाही. अपघातात तुटलेल्या नळीतून तो पेट्रोल ओततच राहील. म्हणून ऑइल प्रेशरचा स्विच लावून त्याला ते शिकवावं लागतं.

जुना पंप ठेवणार असाल तर तोही जपा. डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. डायफ्राम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या.

प्रत्येक पिढीने आधीच्या पंपाची एक उणीव काढली आणि त्याचा एखादा गुण नकळत सोडून दिला. सुटा भाग बदलताना तो कोणता, एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं.